एक्समस : एका अक्षराची कुळकथा

डिसेंबर महिना लागला की मोठ्या शहरांतील दुकानांच्या दर्शनी काचांवर, शुभेच्छापत्रांवर आणि वर्तमानपत्रांतील जाहिरातींत एक चमत्कारिक इंग्रजी शब्द दिसू लागतो. त्या शब्दाच्या आरंभी एक फुली असते व फुलीच्या पुढे केवळ ‘मस’ एवढाच भाग असतो. कोणी तो शब्द ‘एक्समस’ असा वाचतो, तर कोणी ‘ख्रिसमस’ असा वाचतो. येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवाचे, म्हणजे मराठीत ज्यास नाताळ म्हणतात त्या सणाचे, हे संक्षिप्त नाव होय, इतके बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ‘ख्रिस्त’ या नावाच्या जागी ही फुली कोठून आली, असा प्रश्न केला असता फार थोड्यांस त्याचे उत्तर देता येते. आणि जी उत्तरे सामान्यतः दिली जातात ती बहुधा चुकीची असतात.

ही उत्तरे तीन प्रकारची आहेत. पहिले उत्तर असे की, हा आधुनिक व्यापाऱ्यांचा आळस आहे. पाटीवर जागा थोडी, म्हणून लांब शब्दाचा त्यांनी लहान शब्द केला. दुसरे उत्तर असे की, बीजगणितात अज्ञात संख्येस जे अक्षर योजतात तेच येथे योजले आहे. म्हणजे ख्रिस्त कोणी का असेना, त्याच्या जागी ‘अमुक’ असे लिहून मोकळे व्हावे, असा त्यात भाव आहे. तिसरे उत्तर सर्वांत कडक आहे. नको असलेल्या मजकुरावर जशी फुली मारतात, तशी ख्रिस्ताच्या नावावर ही फुली मारली असून, सणातून सणाच्या धन्यालाच घालवून देण्याचा हा डाव आहे, असे काही श्रद्धाळू ख्रिस्ती लोक मनापासून मानतात व त्यामुळे दुःखी होतात. श्रद्धेच्या माणसास आपल्या दैवताचा उपमर्द झाला असे वाटणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. म्हणूनच या अक्षराचे खरे कुळ कोणते हे शांतपणे पाहणे उचित होय.

प्रथम पूर्ण शब्दाकडे वळू. इंग्रजीतील ‘ख्रिसमस’ हा शब्द दोन शब्दांचा जोड आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्रिस्तेस मॅसे’ असे म्हणत, म्हणजे ‘ख्रिस्ताची मास’. हा शब्दप्रयोग इ. स. १०३८ इतक्या मागे लेखात आढळतो. ‘मास’ म्हणजे चर्चमधील भाकर व द्राक्षारस यांच्या अर्पणाची मुख्य उपासना. मराठी ख्रिस्ती लोक तिलाच ‘मिस्सा’ म्हणतात, आणि तो शब्द मूळ लॅटिन रूपाच्या इंग्रजीपेक्षाही अधिक जवळचा आहे. तात्पर्य, ‘मस’ या अंत्य भागाचा अर्थ उपासना, आणि आरंभीच्या भागाचा अर्थ ख्रिस्त.

आता ‘ख्रिस्त’ म्हणजे काय? हे येशूचे व्यक्तिनाम नव्हे किंवा आडनावही नव्हे. ती पदवी आहे. यहुदी लोकांत राजास व मुख्य याजकास पदावर बसविताना त्याच्या मस्तकावर तेल ओतीत. अशा अभिषिक्त पुरुषास हिब्रू भाषेत ‘माशीअह’ म्हणत. त्याचेच रूपांतर ‘मसीहा’ या शब्दाने आपल्याही कानांवर आलेले आहे. या हिब्रू शब्दाचे ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’ असे झाले. त्याचा अर्थही ‘ज्यास तेलाचा अभ्यंग झाला आहे तो’ असाच आहे. ख्रिस्ती धर्माचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, त्यामुळे ही ग्रीक पदवीच पुढे जगभर रूढ झाली. आपल्या फुलीचा उगम शोधावयाचा तो याच ग्रीक शब्दात.

ग्रीक वर्णमालेत एक अक्षर आहे, त्याचे नाव ‘खी’. कागदावर दोन तिरप्या रेघा एकमेकींस मध्यभागी छेदतील अशा काढाव्या, की हे अक्षर तयार झाले. आपली साधी फुली ती हीच. प्राचीन काळी या अक्षराचा उच्चार महाप्राण, म्हणजे जवळजवळ आपल्या ‘ख’ सारखा होता. ‘ख्रिस्तोस’ हा शब्द ग्रीक लिपीत लिहावयाचा तर त्याचे पहिले अक्षर हेच ‘खी’ होय. अर्थात ‘एक्समस’ या शब्दाच्या आरंभी जी फुली दिसते ती मुळी इंग्रजी अक्षरच नव्हे. ते ग्रीक अक्षर आहे आणि ते ख्रिस्ताच्या नावाचे आद्याक्षर आहे. ज्या ठिकाणी नाव खोडले असे वाटते, नेमके त्याच ठिकाणी ते नाव उभे आहे.

मग एकाच आकृतीस ग्रीकांनी ‘ख’ म्हणावे आणि इंग्रजांनी ‘क्स’ म्हणावे, हा घोटाळा कसा झाला? त्याचे कारण फार जुने आहे. प्राचीन ग्रीसमध्ये सर्वत्र एकच वर्णमाला नव्हती. पूर्वेकडील आयोनियन ग्रीक लोक या फुलीचा उच्चार ‘ख’ करीत, तर पश्चिमेकडील कित्येक ग्रीक लोक त्याच फुलीचा उच्चार ‘क्स’ असा करीत. इटलीत ज्या ग्रीक वसाहती झाल्या त्यांत पश्चिमेकडील पद्धत चालू होती. तेथून ती एट्रुस्कन लोकांकडे व त्यांच्याकडून रोमन लोकांकडे गेली. आणि रोमनांची लिपी हीच आजची इंग्रजीची लिपी. इकडे अथेन्स नगराने इ. स. पू. ४०३ मध्ये आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली व हळूहळू सर्व ग्रीकांनी तिचाच अंगीकार केला. याप्रमाणे एकाच कुळातील दोन भावांनी दोन देशांत संसार थाटावा व पुढे त्यांच्या नातवंडांस परस्परांची ओळख राहू नये, तशी या अक्षराची गत झाली. आज एखादा मनुष्य फुली पाहून ‘एक्स’ म्हणतो तेव्हा तो रोमन भावाचे नाव घेतो. पण दारात उभा असतो तो ग्रीक भाऊ.

नाव आखडून लिहिण्याची ही रीत किती जुनी आहे, हे पाहिले म्हणजे आळसाची शंका नाहीशी होते. नव्या कराराच्या ज्या अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखित प्रती उपलब्ध आहेत, त्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांपासून एक विशेष प्रघात दिसून येतो. देव, प्रभू, येशू आणि ख्रिस्त हे चार शब्द लेखक पूर्ण लिहीत नाहीत. शब्दाचे बहुधा पहिले व शेवटचे अक्षर तेवढे लिहावयाचे आणि त्यांवर एक आडवी रेघ ओढावयाची, असा नियम होता. ‘ख्रिस्तोस’ या शब्दासाठी ‘खी’ आणि ‘सिग्मा’ ही दोन अक्षरे व वर रेघ, एवढ्याने काम भागे. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सिनाइटिकस’ नावाचे प्रख्यात बायबल, ज्याचा मोठा भाग आज लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्यातही हाच प्रघात पानोपानी आढळतो.

केवळ जागा वाचविणे हा यातील हेतू असता, तर लांबलचक सामान्य शब्द प्रथम आखडले गेले असते. परंतु तसे झालेले नाही. सामान्य शब्द पूर्ण लिहिले आहेत आणि नेमकी पवित्र नावेच संक्षिप्त केली आहेत. वरची आडवी रेघ वाचकास बजावते की, येथे थांब, हे नाव इतर नावांसारखे नव्हे. म्हणजे ज्या काळी ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांस प्रसंगी प्राणासही मुकावे लागे, त्या काळी त्याच्याच भक्तांनी, आदर दाखविण्यासाठी, त्याचे नाव आखडून लिहिले. संक्षेप म्हणजे अनादर हे समीकरण त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

मराठी वाचकास हे समजावून घेण्यास फार लांब जावयास नको. आपल्या पत्रव्यवहारात वडिलांस ‘ती.’ असे लिहीत. तीर्थरूप या शब्दाचे एकच अक्षर ठेवले म्हणून कोणा वडिलांचा अपमान झाला नाही. कीर्तनकाराच्या नावापुढे ‘ह. भ. प.’ लिहितात, तेथे हरीचे नाव एका ‘ह’ वर येऊन थांबते, पण त्यात हरीची अवहेलना झाली असे कोणताही वारकरी म्हणणार नाही. नित्य परिचयाने व आदराने जे शब्द वारंवार लिहावे लागतात तेच आखडतात. परक्याचे नाव कोणी आखडीत नाही, कारण ते वाचणाऱ्यास उमगणार नाही.

याहूनही जवळचे उदाहरण आहे, आणि ते या लेखातच अनेक वेळा येऊन गेले आहे. आपण सालाच्या आधी ‘इ. स.’ असे लिहितो. त्याचा अर्थ ‘इसवी सन’. ‘इसवी’ म्हणजे ‘ईसाचा’. आणि अरबी भाषेत येशूस ‘ईसा’ म्हणतात. तेव्हा मराठी मनुष्य जमाखर्चाच्या वहीत, शाळेच्या दाखल्यावर किंवा इतिहासाच्या पुस्तकात ‘इ. स.’ लिहितो तेव्हा तो येशूचे नाव एका ‘इ’ वर आणून ठेवीत असतो. पिढ्यान् पिढ्या हे चालले आहे. त्यात खोडण्याचा हेतू नव्हता व तसा आरोपही कोणी केला नाही. ‘इ. स.’ मधील ‘इ’ आणि ‘एक्समस’ मधील फुली ही एकाच जातीची चिन्हे आहेत. दोन्ही आद्याक्षरे आहेत, फरक केवळ भाषांचा.

ग्रीक ‘खी’ अक्षरास पुढे राजमान्यता मिळाली ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या काळात. इ. स. ३१२ च्या ऑक्टोबरात रोम नगराबाहेर, टायबर नदीवरील मिल्व्हियन पुलापाशी, त्याची प्रतिस्पर्धी मॅक्सेंशियस याच्याशी लढाई झाली. लॅक्टॅन्शियस नावाचा समकालीन लेखक सांगतो की, कॉन्स्टंटाइनास स्वप्नात आज्ञा झाली व त्याप्रमाणे त्याने सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताचे चिन्ह काढविले. युसेबियस नावाचा दुसरा लेखक आकाशात दिसलेल्या तेजोमय क्रूसाची कथा सांगतो. दृष्टांताचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूस ठेवला, तरी त्या लढाईत कॉन्स्टंटाइन विजयी झाला, पुढच्याच वर्षी, इ. स. ३१३ मध्ये, ख्रिस्ती धर्मास साम्राज्यात उघड मोकळीक मिळाली, आणि ‘खी’ व ‘ऱ्हो’ या दोन अक्षरांचे चिन्ह सम्राटाच्या ध्वजावर व नाण्यांवर दिसू लागले, हा इतिहास आहे. ‘ऱ्हो’ म्हणजे ग्रीक ‘र’. उभ्या दांड्याच्या डोक्यास उजवीकडे अर्धगोल काढला की हे अक्षर होते. फुलीच्या मध्यातून हा दांडा उभा केला, की ‘ख्रिस्तोस’ शब्दाची पहिली दोन अक्षरे एका आकृतीत गुंफली जातात. चर्चच्या वेदीवरील वस्त्रावर किंवा धर्मगुरूच्या झग्यावर हे चिन्ह आजही भरतकामात पाहावयास मिळते. त्या झग्यावरील फुलीस कोणी खोडाखोड म्हणत नाही.

ग्रीक भाषा पश्चिम युरोपात मागे पडली, पण ही अक्षरे मागे पडली नाहीत. मठांतील लेखक लॅटिन भाषेत बायबलाच्या प्रती करीत असताही ख्रिस्ताचे नाव मात्र ग्रीक अक्षरांनी लिहीत. याचे सर्वांत वैभवशाली उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात ‘बुक ऑफ केल्स’ नावाचे सुमारे इ. स. ८०० मध्ये तयार झालेले हस्तलिखित जपून ठेवलेले आहे. त्यात मत्तयाच्या शुभवर्तमानातील ज्या वाक्यापासून ख्रिस्ताच्या जन्माची हकीकत सुरू होते, त्या ठिकाणी चित्रकाराने जवळजवळ संपूर्ण पान एका ‘खी’ अक्षरास वाहिले आहे. अक्षराचा एक पाय पानभर वळत गेला असून त्याच्या वेलबुट्टीत देवदूतांच्या आकृती, पतंग, मांजरे व उंदीर यांची अतिसूक्ष्म चित्रे गुंफली आहेत. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, ते पान नाताळच्या कथेचे आहे. सणाच्या नावातील ज्या फुलीस आज कित्येक लोक नावे ठेवतात, तीच फुली सुमारे बाराशे वर्षांपूर्वी, त्याच सणाच्या कथेच्या शिरोभागी, माणसाच्या हातून होईल तितक्या भक्तीने काढली गेली होती.

इंग्लंडातील लेखकांनी हीच परंपरा पुढे चालविली. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या जुन्या बखरीच्या हस्तलिखितांत, सुमारे इ. स. ११०० च्या सुमारास, सणाचे नाव ग्रीक अक्षरांच्या साहाय्याने आखडून लिहिलेले आढळते. तेथे ‘खी’ बरोबर ‘ऱ्हो’ ही होता. कालांतराने ग्रीक जाणणारे विरळ झाले, ‘ऱ्हो’ गळून पडला व एकटी फुली राहिली. इ. स. १५५१ मधील एका इंग्रजी लेखात फुलीच्या पुढे ‘टेमस’ जोडून सणाचे नाव लिहिलेले आहे. ख्रिस्तोफर हे माणसाचे नावही जुन्या इंग्रजी दप्तरांत फुलीने आरंभ करून लिहीत. आणि ‘ख्रिस्ती’ या विशेषणाचेही तसेच लघुरूप होते. लॉर्ड बायरन या कवीने इ. स. १८११ मध्ये, तर ‘अॅलिस’च्या गोष्टींचा कर्ता लुईस कॅरोल याने इ. स. १८६४ मध्ये हे संक्षिप्त रूप वापरले आहे. तेव्हा हे रूप विसाव्या शतकातील दुकानदारांनी निर्माण केले, हे म्हणणे टिकत नाही. दुकानदारांनी ते उचलले एवढेच खरे.

बीजगणिताच्या शंकेचा निकालही सनांच्या आधारेच लागतो. अज्ञात राशींसाठी वर्णमालेच्या शेवटची अक्षरे योजण्याची पद्धत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने इ. स. १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीच्या ग्रंथामुळे रूढ झाली. फुलीने सणाचे नाव लिहिण्याची चाल त्याच्या कित्येक शतके आधीची आहे. नातू आजोबांच्या लग्नास हजर नसतो. त्याचप्रमाणे सतराव्या शतकातील गणिताचे चिन्ह बाराव्या शतकाच्या आरंभीच्या बखरीत शिरू शकत नाही. शब्दांच्या व्युत्पत्तीसंबंधी वाद उत्पन्न झाला असता प्रथम सन पाहावा, हा नियम विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. निम्म्याहून अधिक दंतकथा एवढ्याने गळून पडतात.

या सणाच्या नावावरून तंटा होण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडात प्युरिटन पंथाचे प्राबल्य झाले. त्यांचा आक्षेप ‘ख्रिस्त’ या भागावर नव्हता, तर ‘मस’ या भागावर होता. ‘मास’ ही रोमन कॅथलिकांची उपासना, म्हणून तिचे नावही नको, असे म्हणून त्यांच्यापैकी काहींनी ‘ख्राइस्टटाइड’, म्हणजे ख्रिस्तकाल, असे नाव पुढे केले. इ. स. १६४७ मध्ये तर इंग्लंडच्या पार्लमेंटने हा सणच बंद केला, तो इ. स. १६६० मध्ये राजसत्ता परत आल्यावर पुन्हा मोकळेपणाने सुरू झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत इ. स. १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. म्हणजे एका युगात शब्दाचा उत्तरार्ध पाखंडी ठरला, तर दुसऱ्या युगात पूर्वार्ध. इ. स. १९७७ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानच्या गव्हर्नरने वृत्तपत्रांस विनंतिपत्रक काढून सांगितले की, फुलीचे रूप ख्रिस्तेतरांचे आहे, ते छापू नये. प्राचीन भक्तांनी काढलेले चिन्ह अशा रीतीने परधर्मीयांच्या माथी मारले गेले.

तथापि, आक्षेप घेणाऱ्यांची बाजू सर्वस्वी पोकळ आहे असे मात्र समजू नये. त्यांचे खरे दुःख अक्षराविषयी नाही. इ. स. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल याने पहिले छापील नाताळपत्र काढविले, आणि तेव्हापासून पत्रे, देणग्या, खेळणी व मेजवान्या यांचा व्यापार वाढतच गेला. जन्मोत्सव बाजूस राहून खरेदीच तेवढी उरली, अशी खंत अनेक विचारवंतांनी व्यक्त केली आहे. इंग्रज लेखक सी. एस. लुईस याने इ. स. १९५४ मध्ये हेरोडोटसच्या शैलीचे विडंबन करून एक निबंध लिहिला. त्यात एका बेटावर एकाच दिवशी दोन निराळे सण कसे पाळले जातात याचे वर्णन आहे. एका सणात लोक पत्रे व वस्तू यांच्या धांदलीने थकून जातात. दुसऱ्यात थोडे लोक शांतपणे उपासना करतात. पहिल्या सणास त्याने फुलीच्या उच्चाराचे नाव दिले आणि दुसऱ्यास मूळ नावाशी मिळतेजुळते. त्याचा रोख बाजारावर होता, अक्षरावर नव्हता. जे फुलीवर रागावतात त्यांनीही आपला राग नेमका कशावर आहे हे तपासून पाहिले, तर तो बहुधा तेथेच जाऊन पोचेल.

शिवाय सणाच्या नावात ख्रिस्ताचे नाव असलेच पाहिजे, असाही काही नियम नाही. याचा पुरावा मराठीतच आहे. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. पोर्तुगीज भाषेतील ‘नाताल’ हा शब्द लॅटिन ‘नातालिस’ यापासून झाला असून त्याचा अर्थ ‘जन्मासंबंधीचा’ एवढाच आहे. इटालियन ‘नाताले’, स्पॅनिश ‘नाविदाद’ व फ्रेंच ‘नोएल’ ही सर्व याच ‘जन्म’वाचक परिवारातील होत. जर्मन लोक या सणास जे नाव देतात त्याचा अर्थ ‘पवित्र रात्री’ असा आहे. यांपैकी एकाही नावात ‘ख्रिस्त’ हा शब्द नाही. तरी या राष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांचा सण इंग्रजांच्या सणाहून उणा ठरला नाही. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांत महात्मा गांधींच्या चरित्रामुळे आपल्या परिचयाचा आहे. त्याचेही नाव याच शब्दावरून पडले. वास्को द गामा इ. स. १४९७ मध्ये हिंदुस्थानाकडे येत असता नाताळच्या सुमारास त्या किनाऱ्यावरून गेला, म्हणून त्याने तो किनारा या सणाच्या नावाने ओळखला.

पोर्तुगीजांच्या अमलाखालील गोव्यात या अक्षरकथेचे एक जुळे भावंड दगडात कोरलेले पाहावयास मिळते. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिका, जेथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह ठेवलेला आहे, तिच्या दर्शनी भागावर उंच ठिकाणी तीन रोमन अक्षरे कोरली आहेत : आय, एच, एस. इ. स. १६०५ मध्ये अर्पण झालेले हे मंदिर येशूसंघीयांचे असून ही अक्षरे त्या संघाची मुद्रा होय. कित्येक लोक या तीन अक्षरांचा उलगडा तीन लॅटिन शब्दांनी करतात व ‘येशू, मानवांचा तारक’ असा अर्थ सांगतात. अर्थ भावपूर्ण आहे, परंतु तो मागाहून बसविलेला आहे. वस्तुतः ही ‘येशू’ या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. मधले अक्षर रोमन ‘एच’ सारखे दिसते. पण ते ग्रीक ‘ईटा’, म्हणजे दीर्घ ‘ए’ हा स्वर आहे. ग्रीकचे विस्मरण झाल्यावर लोकांनी एका अक्षरास नवा भक्तिपर अर्थ जोडला, तर दुसऱ्या अक्षरात अभक्ती पाहिली. विस्मरण दोन्हीकडे सारखेच. एकीकडे त्याचे फळ गोड आले, दुसरीकडे कडू.

आता व्यवहारात काय करावे, हा प्रश्न उरतो. फुलीने लिहिलेला शब्द वाचताना त्याचा उच्चार ‘ख्रिसमस’ असाच करणे मुळास धरून आहे. ‘ती.’ हे अक्षर दिसले तरी आपण ‘तीर्थरूप’ असेच वाचतो, त्यातलाच हा प्रकार. औपचारिक इंग्रजी लेखनात, निमंत्रणपत्रिकेत किंवा धर्मविषयक मजकुरात पूर्ण शब्द लिहावा. कारण संक्षेप हा खाजगी टिपणास व अपुऱ्या जागेस शोभतो. त्यातूनही एखाद्या ख्रिस्ती स्नेह्यास या रूपाने वाईट वाटते असे ठाऊक असेल, तर त्यास पत्र लिहिताना पूर्ण शब्द लिहिणे हेच सौजन्य होय. व्युत्पत्ती आपल्या बाजूस आहे म्हणून दुसऱ्याचे मन दुखविण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. मात्र ते रूप दुसऱ्या कोणी लिहिलेले दिसले, तर त्यामागे द्वेष आहे असे गृहीत धरू नये.

कारण चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, तो वाचणाऱ्याच्या ज्ञानात असतो. ग्रीक जाणणाऱ्या त्या जुन्या लेखकास फुली दिसली की प्रभूचे नाव दिसे. ग्रीक न जाणणाऱ्यास तीच फुली दिसली की खोडाखोड दिसते. अक्षर तेच राहिले, मधले ज्ञान तेवढे हरपले. एका समाजाने दुसऱ्यावर, किंवा एकाच समाजातील नव्या पिढीने जुन्या पिढीवर, अपमानाचे जे आरोप केले आहेत, त्यांपैकी किती आरोप अशा हरपलेल्या अक्षरज्ञानातून निघाले असतील, याचा विचार करण्यासारखा आहे. पुढच्या डिसेंबरात दुकानाच्या काचेवर ती फुली दिसेल तेव्हा ती ‘ख’ म्हणून वाचावी, म्हणजे झाले.